मंगळावरील ऋतु आणि गोठणारी हवा

सूर्यमालेंतील ग्रहांपैकीं पृथ्वीशीं अधिकांत अधिक साम्य कोणत्या ग्रहाचें, असें विचारल्यास पुष्कळजण मंगळाचें नांव घेतील. आणि तें कांहीं अंशीं योग्यहि आहे. मंगळावरील एक दिवस सुमारें २४ तास ३९ मिनिटांचा, म्हणजे आपल्या दिवसाहून थोडासाच मोठा असतो. पृथ्वीचा आंस सुमारें २३.४ अंशांनीं कललेला आहे, तर मंगळाचा २५.२ अंशांनीं. या कलण्यामुळेंच पृथ्वीवर ऋतु होतात. अर्थात् मंगळावरहि ते होतात. शिवाय चांगल्या दुर्बिणींतून पाहिल्यास त्या तांबूस ग्रहाच्या ध्रुवांवर पांढरे शुभ्र मुकुट दिसतात. हे हिममुकुट हिंवाळ्यांत वाढतात व उन्हाळ्यांत आटतात. इतकें साम्य पाहिल्यावर तेथेंहि आपल्या हिमालयाप्रमाणें बर्फ पडत असेल, तें वितळून पाणी वाहत असेल, व त्या पाण्यावर कांहीं ना कांहीं हिरवळ उगवत असेल, असा तर्क कोणाच्याहि मनांत सहज यावा. मोठमोठ्या ज्योतिर्विदांनीं शें-दीडशें वर्षें हाच तर्क केला. परंतु खरी हकीगत याहून निराळी व याहून अधिक विस्मयकारक आहे. मंगळावर हिंवाळा आला म्हणजे हवेंतील पाण्याची वाफच तेवढी नव्हे, तर खुद्द हवाच गोठून जमिनीवर बसते. हें कसें घडतें, व इतक्या दूरच्या ग्रहाचें हें गूढ मनुष्यास कसें उकललें, तें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या विषयाचा पूर्वेतिहास पाहूं. कॅसिनी या ज्योतिषानें १६६६ सालीं मंगळावरील डागांच्या हालचालीवरून तेथील दिवसाची लांबी काढली. पुढें १८ व्या शतकाच्या आरंभीं मॅराल्डी यांनीं ध्रुवांवरील पांढऱ्या डागांचें बारकाईनें निरीक्षण केलें, व दक्षिणेकडील डाग बरोबर ध्रुवबिंदूवर नसून किंचित् एका बाजूस आहे, हें दाखवून दिलें. परंतु या डागांचा ऋतूंशीं संबंध जोडण्याचें श्रेय मुख्यत्वें सर विल्यम हर्शेल यांचेकडे जातें. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे ते हेच. १७७७ ते १७८३ या वर्षांत स्वतः घडविलेल्या दुर्बिणींतून त्यांनीं मंगळाचें निरीक्षण केलें, आणि १७८४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आपला निबंध ठेविला. सूर्य ज्या ध्रुवाकडे वळतो तेथील मुकुट लहान होतो, व ज्याकडे पाठ फिरवितो तेथील मोठा होतो, हें पाहून ते मुकुट बर्फाचे असले पाहिजेत, असें त्यांनीं ठरविलें. तेथील रहिवाशांची स्थिति पुष्कळ बाबतींत आपल्यासारखीच असावी, असेंहि त्यांनीं लिहून ठेविलें.

हर्शेल यांचें निरीक्षण बिनचूक होतें. परंतु ‘बर्फ’ म्हटलें कीं तें पाण्याचेंच असणार, हें त्यांनीं गृहीत धरिलें. पुढील पिढ्यांनीं या गृहीतावर मोठी इमारत उभारली. हिममुकुट आटूं लागला म्हणजे मंगळावरील काळसर प्रदेश अधिक गडद होत जातात, असें कित्येकांस दिसलें; त्यावरून वितळलेलें पाणी मिळून तेथें वनस्पति तरारत असावी, अशी कल्पना निघाली. १८७७ सालीं इटलींतील स्कियापारेली यांस ग्रहाच्या पृष्ठावर बारीक रेषा दिसल्या. त्यांनीं इटालियन भाषेंत त्यांस ‘कॅनाली’, म्हणजे चर किंवा नाले, असें म्हटलें. इंग्रजींत जातां जातां त्या शब्दाचे खोदलेले कालवे झाले! अमेरिकेंतील पर्सिव्हल लॉवेल यांनीं १८९४ सालीं ॲरिझोना प्रांतांत फ्लॅगस्टाफ येथें केवळ या कामासाठीं वेधशाळा उभारली, आणि मंगळावरील बुद्धिमान प्राणी ध्रुवांवरील पाणी कालव्यांनीं आपल्या रखरखीत मुलखांत खेळवीत आहेत, असें जगास सांगितलें.

याच्या उलट बोलणारे लोकहि होते. ‘इलेक्ट्रॉन’ हें नांव ज्यांनीं सुचविलें, त्या जॉन्स्टन स्टोनी यांनीं १८९८ सालींच अशी शंका काढिली कीं, हे मुकुट पाण्याचे नसून गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे असूं शकतील. डार्विन यांच्याबरोबरच नैसर्गिक निवडीचें तत्त्व शोधून काढणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनीं १९०७ सालीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, मंगळ वस्तीयोग्य नाहीं, तो अतिशय थंड आहे, असें प्रतिपादन करणारें पुस्तक लिहिलें. परंतु शेजारच्या ग्रहावर कोणीतरी आपल्यासारखें राहत आहे, ही कल्पना इतकी गोड होती कीं, शंका काढणारांकडे सामान्य लोकांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं.

वाद मिटविण्यास एकच गोष्ट अवश्य होती. ती म्हणजे मंगळावरील हवा किती व कोणती, हें मोजणें. १९४७ सालीं जेरार्ड क्यूपर यांनीं प्रकाशाचें पृथक्करण करून मंगळाच्या हवेंत कार्बन डायऑक्साइड असल्याचें सिद्ध केलें. परंतु ती हवा किती विरळ आहे, याचा अंदाज त्या वेळीं फार चढा होता; पृथ्वीच्या हवेच्या सुमारें बाराव्या हिश्शाइतका तिचा दाब असावा, असें मानीत. हा अंदाज १९६५ च्या जुलै महिन्यांत कोसळला. ‘मॅरिनर ४’ हें अमेरिकन यान मंगळाजवळून पुढें गेलें आणि पृथ्वीवरून पाहतां त्या ग्रहाच्या आड झालें. आड होतांना त्याच्या रेडिओलहरी मंगळाच्या हवेच्या थरांतून येत होत्या. हवेमुळें त्यांत जो अल्पसा फरक पडला, त्यावरून दाबाचें गणित करितां आलें. उत्तर आलें तें पृथ्वीच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनहि कमी! आपल्या डोक्यावर सुमारें ३५ किलोमीटर उंचीवर हवा जितकी विरळ असते, तितकी ती मंगळाच्या जमिनीवर आहे. आणि या विरळ हवेचा शेंकडा ९५ भाग कार्बन डायऑक्साइडच आहे, हें आतां निश्चित झालें आहे.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९६६ सालीं, कॅलिफोर्नियांतील रॉबर्ट लेटन व ब्रूस मरे या दोघां शास्त्रज्ञांनीं एक साधा पण मूलगामी हिशेब मांडला. मंगळाच्या ध्रुवावर वर्षभरांत सूर्यापासून किती उष्णता येते व जमिनींतून किती निघून जाते, हें त्यांनीं गणितानें काढिलें. त्यांच्या विचाराची दिशा वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावी. कारण सर्व गूढाची किल्ली तींत आहे.

मंगळाचें वर्ष आपल्या ६८७ दिवसांचें असतें. त्यामुळें ध्रुवावरील रात्र आपल्या ध्रुवांवरील सहा महिन्यांच्या रात्रीहून बरीच लांब असते. या दीर्घ रात्रींत जमीन आपली उष्णता आकाशांत टाकीत राहते, आणि उष्णता आणून देण्यास ना समुद्र, ना दाट हवा. जमीन थंड होत होत शून्याखालीं सुमारें १२५ अंशांपर्यंत उतरते. मंगळावरील विरळ दाबांत कार्बन डायऑक्साइड गोठण्याचा बिंदु बरोबर याच सुमारास येतो. तेथें पोंचतांच थंडी आणखी वाढूं शकत नाहीं. कारण हवा गोठूं लागते, व गोठतांना ती आपली गुप्त उष्णता बाहेर टाकते. जमिनींतून जितकी उष्णता निघून जाईल, तितकी हवा गोठून ती भरून काढिते. हवेचा बहुतेक भाग याच वायूचा असल्यामुळें हा क्रम सर्व रात्रभर चालूं शकतो. ध्रुवाजवळची हवा गोठून कमी झाली कीं तिची जागा भरून काढण्यास दूरदूरची हवा तिकडे वाहत येते, आणि तीहि गोठून जाते. अशा रीतीनें हिंवाळ्यांतला ध्रुव साऱ्या ग्रहाची हवा हळूहळू ओढून घेत असतो. लेटन व मरे यांचें म्हणणें असें कीं, हें जर खरें, तर ऋतूबरोबर साऱ्या मंगळावरील हवेचा दाब चढला-उतरला पाहिजे.

ही भविष्यवाणी खरी कीं खोटी, हें तपासण्याची संधि लवकरच आली. ५ ऑगस्ट १९६९ रोजीं ‘मॅरिनर ७’ दक्षिण ध्रुवाजवळून गेलें, आणि त्यानें मोजलेलें हिममुकुटाचें तपमान कार्बन डायऑक्साइड गोठण्याच्या बिंदूशीं जुळलें. पुढें २० जुलै १९७६ रोजीं ‘व्हायकिंग १’ व ३ सप्टेंबर १९७६ रोजीं ‘व्हायकिंग २’ हीं यानें प्रत्यक्ष मंगळाच्या भूमीवर उतरलीं. त्यांच्याबरोबर वायुभारमापक यंत्रें होतीं. ‘व्हायकिंग १’ उतरलें तें स्थान ध्रुवापासून हजारों किलोमीटर दूर, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २२ अंशांवर आहे. तेथें जमिनीवर कार्बन डायऑक्साइड गोठत नाहीं. तरीहि त्या यंत्रानें वर्षभरांत दाब सुमारें ६.९ मिलिबारपासून ९ मिलिबारपर्यंत उतरतांना व चढतांना दाखविला. ज्या बर्फाचें त्यास दर्शनहि नव्हतें, त्याच्या वाढीची व घटीची वर्दी यंत्रानें केवळ हवेच्या वजनावरून दिली! हर्शेल यांच्या काळापासून चाललेल्या प्रश्नाचें उत्तर दुर्बिणीपेक्षां वायुभारमापकानें अधिक स्पष्ट दिलें, असेंच म्हणावें लागतें.

हा चढउतार केवढा मोठा आहे, याची कल्पना यावी म्हणून आपल्याकडील एक उदाहरण घेऊं. मुंबईस जानेवारींतील व ऐन पावसाळ्यांतील हवेच्या सरासरी दाबांत जेमतेम शेंकडा एकाचा फरक पडतो. आणि तेवढ्याच्याच मागें मोसमी वाऱ्यांचा सारा खेळ आहे. मंगळावर मात्र हवेचा सुमारें चौथा हिस्सा, किंवा त्याहून किंचित् अधिकहि, वर्षाकांठीं गोठतो व पुनः मोकळा होतो. समजा, पृथ्वीवर दर हिंवाळ्यांत हवेचा चौथा हिस्सा नाहींसा झाला, तर सारें जीवन कसें कासावीस होईल! मंगळावर दर वर्षीं हेंच घडतें. पण तेथें कासावीस होण्यास कोणी असल्याचें अद्याप दिसलेलें नाहीं.

दोन ध्रुवांवरील हिंवाळे सारखे नसतात, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. पृथ्वीची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहे. मंगळाची बरीच लंबवर्तुळाकार आहे. तो सूर्यापासून जवळांत जवळ सुमारें २० कोटि ६७ लक्ष किलोमीटरांवर येतो, व दूरांत दूर सुमारें २४ कोटि ९२ लक्ष किलोमीटरांवर जातो. त्यामुळें जवळ असतांना त्यावर सुमारें दीडपट ऊन पडतें. शिवाय जवळ असतांना ग्रह वेगानें व दूर असतांना सावकाश फिरतो, हा केप्लर यांचा नियम आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परिणाम असा कीं, मंगळावरील चार ऋतु समान लांबीचे होत नाहींत. उत्तर गोलार्धांत वसंत १९४, उन्हाळा १७८, शरद १४३ व हिंवाळा १५४ मंगळदिवसांचा असतो. दक्षिणेंत याच्या बरोबर उलट. तेथील उन्हाळा आंखूड व कडक, आणि शरद व हिंवाळा मिळून ३७२ दिवसांचा दीर्घ शीतकाल. म्हणून दक्षिणेचा हिममुकुट उत्तरेपेक्षां मोठा होतो, व सुमारें ५० अंश अक्षांशापर्यंत पसरतो. साऱ्या ग्रहावरील हवेचा दाब नीचांकास पोंचतो, तो दक्षिणेंतील हिंवाळ्याच्या अखेरच्या सुमारास; उत्तरेंतील हिंवाळ्यांत दाब पुनः एकदां उतरतो, परंतु इतका नव्हे.

या गोठलेल्या हवेचें रूप कसें असतें? १९९७ सालीं मंगळाभोंवतीं पोंचलेल्या ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ या यानानें लेसर किरणांनीं जमिनीची उंची वारंवार मोजली, तेव्हां ध्रुवांजवळ हा थर हिंवाळ्यांत दीड ते दोन मीटर जाड होतो, असें आढळलें. म्हणजे उंच मनुष्यहि त्यांत बुडून जाईल. त्यांतील बराचसा भाग दंवाप्रमाणें जागच्या जागीं बसतो, व कांहीं भाग ढगांतून हिमकणांच्या रूपानें पडतो. वसंतांत ऊन आलें म्हणजे हें बर्फ वितळून वाहत नाहीं. देवघरांतील कापूर जसा पातळ न होतां हवेंत उडून जातो, तसेंच हें कोरडें बर्फ सरळ वायुरूप होतें. म्हणून लॉवेल यांच्या कालव्यांत वाहण्यास या मुकुटांतून थेंबभरहि पाणी निघण्याजोगें नव्हतें.

दक्षिण ध्रुवाजवळ या वेळीं एक चमत्कारिक देखावा होतो. तेथें कांहीं ठिकाणीं बर्फाची लादी कांचेप्रमाणें अर्धपारदर्शक असते. ऊन तींतून आरपार जाऊन खालची काळी जमीन तापवितें. त्यामुळें लादीच्या तळाशीं वायु सांचूं लागतो, त्याचा दाब वाढतो, आणि अखेरीस लादी एखाद्या ठिकाणीं फुटून वायूचे फवारे धूळ घेऊन वर उसळतात. वाऱ्यानें ती धूळ पंख्याच्या आकारांत बर्फावर पसरते. फवाऱ्याच्या तोंडाकडे धांवणाऱ्या वायूनें खालच्या जमिनींत चर पडतात. वरून पाहतां ते कोळ्याच्या पायांसारखे दिसतात. पृथ्वीवर याची जोड कोठेंहि नाहीं.

मग मंगळावर पाण्याचें बर्फ मुळींच नाहीं काय? आहे, आणि पुष्कळ आहे. हिंवाळी थर उडून गेल्यावर उत्तर ध्रुवावर जो मुकुट उन्हाळाभर शिल्लक राहतो, तो पाण्याच्याच बर्फाचा आहे. तो सुमारें १००० किलोमीटर रुंद असून त्याची जाडी कांहीं ठिकाणीं तीन किलोमीटरांच्या घरांत जाते. उन्हाळ्यांत त्यावरून थोडीशी वाफ हवेंत येते. दक्षिणेकडील शिल्लक मुकुटावर कार्बन डायऑक्साइडचा कांहीं मीटर जाडीचा थर बारमाही टिकतो; त्याच्या खालीं पाण्याच्या बर्फाचे मोठे थर आहेत. हर्शेल यांचा तर्क असा निम्मा खरा ठरला. जो मुकुट वाढतांना व घटतांना त्यांनीं पाहिला तो मुख्यतः गोठलेल्या हवेचा, पण त्याच्या पोटांत पाण्याचा सांठाहि होताच. २५ मे २००८ रोजीं उत्तरेस ६८ अंशांवर उतरलेल्या ‘फीनिक्स’ यानानें मातीच्या थोड्याच खालीं हें बर्फ उकरून पाहिलें, व ढगांतून हिमकण पडतांनाहि टिपले. परंतु उन्हाळा संपत आला, ऊन क्षीण झालें, आणि २ नोव्हेंबर २००८ नंतर त्याचा संदेश आला नाहीं. पुढें त्या हिंवाळ्यांत तें यान गोठलेल्या हवेखालीं दडपलें गेलें. २०१० सालीं वरून घेतलेल्या छायाचित्रांत त्याची पडछाया पूर्वींपेक्षां निराळी दिसली, त्यावरून बर्फाच्या भारानें त्याचे सौरफलक मोडले असावेत, असें शास्त्रज्ञांनीं अनुमान केलें.

आणि काळसर प्रदेश गडद होण्याचें कारण काय? तेंहि वनस्पति नव्हे. दक्षिणेंतील वसंत व उन्हाळा हा मंगळावरील वादळांचा काल. वारे फिक्या रंगाची बारीक धूळ कोठें उडवून नेतात, कोठें आणून टाकतात. धूळ उडाली कीं खालचा काळा खडक उघडा पडतो. कधीं कधीं हीं वादळें सारा ग्रह झांकून टाकतात, जसें १९७१, २००१ व २०१८ सालीं झालें. भारताचें मंगळयानहि २४ सप्टेंबर २०१४ रोजीं त्या ग्रहाभोंवतीं पोंचलें, आणि त्याच्या रंगीत कॅमेऱ्यानें दूर कक्षेवरून मंगळाचें संपूर्ण बिंब, त्यावरील ढग व धूळ एका दृष्टिक्षेपांत टिपली. जें पाहण्यासाठीं हर्शेल यांस थंडीच्या रात्रीं तासचे तास दुर्बिणीशीं बसावें लागे, तें आपल्या देशांत तयार झालेल्या यंत्रानें जवळून पाहिलें, ही गोष्ट आपणां सर्वांस अभिमानास्पद आहे.

ध्रुवांवरील बर्फांत एकावर एक असे असंख्य थर दिसतात. कोठें धूळ अधिक, कोठें कमी. पृथ्वीचा आंस चंद्रामुळें बराच स्थिर राहतो. मंगळास तसा मोठा चंद्र नाहीं. म्हणून गेल्या कांहीं दशलक्ष वर्षांत त्याचा कल सुमारें १५ अंशांपासून ३५ अंशांपर्यंत बदलत आला आहे. कल वाढला कीं ध्रुवांवर ऊन अधिक, व कमी झाला कीं थंडी अधिक. त्याप्रमाणें बर्फ व हवा यांची वांटणीहि बदलली. हे थर म्हणजे त्या बदलांची बखरच होय. ती पुरती वाचण्याचें काम अजून व्हावयाचें आहे, आणि तें आजच्या विद्यार्थ्यांपैकींच कोणीतरी करील.

या सर्व हकीगतींतून एक गोष्ट आमच्या मनावर विशेष ठसते. मंगळ दिसावयास पृथ्वीसारखा. दिवस सारखा, आंसाचा कल सारखा, ध्रुवांवरील शुभ्रताहि सारखी. या सारखेपणानें चांगल्या चांगल्या विद्वानांस भुरळ पाडली. त्यांनीं पाहिलेलें खोटें नव्हतें. पण जें दिसलें त्यापुढें जें आवडलें तें त्यांनीं जोडून दिलें. साम्य हें शोधाचा आरंभ होऊं शकतें, पुरावा होऊं शकत नाहीं. पांढरें दिसलें तें पाणीच आहे कीं काय, हें मोजून पाहिल्यावांचून ठरवूं नये. आणि मोजून पाहिल्यावर जें हातीं आलें तें कल्पनेहून थोडकें नाहीं: एक अख्खा ग्रह, ज्याची हवा वर्षाकांठीं एका ध्रुवावर निजते, जागी होऊन दुसऱ्याकडे जाते, आणि पुनः परत येते. पुढच्या खेपेस संध्याकाळच्या आकाशांत तो तांबडा तारा दिसला, तर वाचकांनीं या येरझारेची आठवण करावी.